दुरुस्त झालेला काळ

प्रयोगशाळेच्या टेबलावर नदीकाठी बसवतात तसला एक धोक्याचा भोंगा उघडून ठेवला होता. त्याच्या पोटातल्या नखाएवढ्या चिपवर पेन्सिल टेकवत इरफान मुजावर म्हणाला, "हिला तारीख कळत नाही, मॅडम. ही फक्त १९७० सालापासूनचे सेकंद मोजते. मोजायला जागा ठरावीक आहे. येत्या जानेवारीत, २०३८ मध्ये, ती भरणार. मग आकडा उलटून उणे होईल आणि हिला वाटेल, १९०१ साल चालू आहे."

नंदिता वागळे उभ्यानेच ऐकत होती. हल्ली तिला बसवतच नसे. अशा यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या 'कालसेतू' आणि 'नवारंभ' या दोन कंपन्यांत ती चालवत असलेल्या निधीने जवळजवळ सगळा पैसा गुंतवला होता. इरफान त्या निधीचा तांत्रिक सल्लागार होता.

"दोन्ही कंपन्यांची दुरुस्ती चोख आहे, असं तुम्हीच लिहून दिलंत ना?"

"वेगवेगळी पाहिली तर चोखच आहे. कालसेतू चिपचं घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे नेते, कारण तेवढ्या वर्षांनी वार आणि तारखा पुन्हा जुळतात. पडद्यावर दाखवताना ती वर्षं मिळवते. नवारंभ मोजणीच १९७० ऐवजी २००० पासून सुरू करते. पण ही यंत्रं एकमेकांशी बोलतात. मला दोघांची यंत्रं जोडून बघू द्या. दोन महिने द्या."

"नोव्हेंबर संपत आलाय, इरफान! दोन महिने काम थांबवलं तर काय उरलं? आणि आपण दोन कंपन्या कशासाठी घेतल्या? एक फसली तर दुसरी तारेल म्हणूनच ना?"

इरफानने उघडा भोंगा बंद करायला घेतला.

जानेवारीतला तो दिवस नंदिताने ऑफिसात येरझाऱ्या घालत काढला. लिफ्ट चालू होत्या, सिग्नल बदलत होते, दवाखान्यांतून एकही तक्रार आली नाही. गुंतवणूकदारांचे अभिनंदनाचे फोन येत राहिले. तरीही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. इरफानचा फोन आला नव्हता.

तो आला काही दिवसांनी, कांजळी नदीच्या पात्रातून. धरणाखालच्या राजबंद गावात पाण्याची पातळी मोजणारा मापक कालसेतूने दुरुस्त केला होता आणि त्याचा संदेश ऐकून वाजणारा भोंगा नवारंभने.

"दुरुस्तीनंतर धरणाचं पाणी सुटलेलंच नाही," इरफान सांगत होता. "आज रब्बीसाठी सोडणार आहेत. म्हणून मापकातला आकडा स्वतः वाचायला उतरलोय. भोंगा वाजला की निघतो... थांबा. पाणी वाढतंय. मॅडम, भोंगा का वाजत नाही—"

पुढे नुसता खळखळाट ऐकू आला.

तिने त्याला पुन्हा पाहिलं ते तालुक्याच्या दवाखान्यात. पाय प्लास्टरमध्ये होता, चेहरा खरचटलेला होता, पण तो शुद्धीवर होता. खाटेशेजारी खैरवाटच्या सरपंच सुमनबाई घोलप बसल्या होत्या. खैरवाट म्हणजे राजबंदनंतर नदीच्या वळणावरचं गाव.

"आमचा भोंगा वाजला तशा आम्ही धुणी टाकून वर पळालो," सुमनबाई म्हणाल्या. "बघतो तर हे बाभळीच्या खोडाला धरून वाहत आलेले. आम्ही सगळे काठावर होतोच. दोर टाकून ओढलं."

"तुमचा भोंगा वाजला?" नंदिताने चमकून विचारलं. "तो कोणी दुरुस्त केला?"

"कोणीच नाही. दोनदा अर्ज केला आम्ही. तुमची माणसं फिरकलीसुद्धा नाहीत."

नंदिताने इरफानकडे पाहिलं.

"राजबंदचा मापक स्वतःला २०१० मध्ये समजतो," तो हळूहळू बोलू लागला. "त्याने पाठवलेले सेकंद १९७० पासूनचे. भोंग्याने ते २००० पासून मोजले. म्हणजे त्याच्या लेखी तो संदेश २०४० सालचा. न उजाडलेल्या दिवसाचा संदेश खोटाच असणार, म्हणून त्याने तो टाकून दिला. पडद्यावर मात्र दोघंही आजचीच तारीख दाखवत होते."

"आणि खैरवाट?"

"तिथला मापकही १९०१ मध्ये गेला आणि भोंगाही. दोघंही सारखेच चुकले. साल कुठलं का असेना, संदेश ताजा आहे हे त्या भोंग्याला बरोबर कळलं."

राज्यभरात अशा किती जोड्या आपण मोडल्या असतील, याचा नंदिता मनात हिशेब करू लागली.

"तुम्ही दोन महिने मागितले होते," ती म्हणाली.

"हो."

"आता तेवढे नाहीत. सगळीकडे एकच पद्धत बसवायला वर्ष लागेल."

"लागेल. पण नुसता किती वेळ गेला एवढंच बघणारी यंत्रं आहेत, त्यांच्यातला जुना प्रोग्रॅम दोन दिवसांत परत घालता येईल. फक्त मग दोन्ही कंपन्यांचं काम व्यर्थ ठरेल. निधी बुडेल, मॅडम."

सुमनबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. नंदिता व्हरांड्यात गेली. तिने आधी कालसेतूला फोन लावला, मग नवारंभला. दोन्हीकडून ओरडा झाला. तिने तो संपेपर्यंत ऐकून घेतला.

"राजबंदपासून सुरुवात करा," ती म्हणाली. "मापक आणि भोंगा, दोन्ही होते तसे करा. हो, ऐकलंत ते बरोबर आहे. १९०१ चालेल."