सरावी

पहिली गाडी

गाडी बंद पडून फार वेळ झाला नव्हता, तोवर वृषालीला मदत मिळून गेलीही होती.

दुधाची व्हॅन होती. समोर बंद गाडी दिसताच ती नियमाप्रमाणे आपोआप थांबली. आतला दूधवाला उतरला, चेहऱ्यावर काळजी आणून म्हणाला, "काय झालं, मावशी?" वृषालीनं सांगितलं, की गाडी बंद पडलीय, मागच्या सीटवर नवरा आहे, त्याच्या छातीत कळा येताहेत, आणि या माळावर फोन लागत नाही. त्यानं सगळं मान हलवत ऐकून घेतलं. मग बाटली पुढे केली.

"आधी पाणी घ्या."

"आज नको. हरतालिका आहे. निर्जळी."

त्याच्या चेहऱ्यावरची काळजी पुसल्यासारखी गेली. तो हसला, हसणं वाईट नव्हतं, ओळखीचं होतं. मागच्या सीटवर मिलिंदच्या शेजारी शाडूचा गणपती ठेवला होता, रुमालानं तोंड झाकलेला. उद्या दिराच्या घरी बसायचा. त्याच्याकडे बघून दूधवाला म्हणाला, "यंदा मूर्तीपण ठेवली? झकास." बंद गाडीच्या दारावरच्या हातपट्टीला त्यानं तळवा लावला आणि त्याची व्हॅन सुरू झाली. वृषाली खिडकी धरून धावली, तेव्हा त्यानं समजूत काढली, की पुढच्या गावात निरोप देतो, काळजी करू नका. लहान मुलांच्या बाहुलीशी बोलतात त्या सुरात.

मधेच, समजावं म्हणून

त्या काळात गाड्या स्वतःच चालत. आतली माणसं झोपत, जेवत, पत्ते खेळत. रस्त्याकडे बघायची गरज उरली नव्हती. त्याबरोबर कडेला अडकलेल्यासाठी थांबायची सवयही गेली. आडरस्त्यांवर माणसं मदतीवाचून मेली, तेव्हा एका संशोधन संस्थेनं उपाय काढला. त्यांचं म्हणणं असं, की दया ही स्नायूसारखी असते. वापरली नाही की वाळते. तिला रोजचा व्यायाम हवा.

म्हणून आडरस्त्यांवर जागोजागी बंद गाड्या ठेवल्या गेल्या आणि त्यांत माणसांचे पुतळे. अंग कोमट, मनगटात ठोके, डोळ्यांत पाणी, तोंडी एखादी अडचण: कुणाचं मूल आजारी, कुणी बाळंतीण. लोक त्यांना 'सरावी' म्हणू लागले. सरावी दिसला की येणारी गाडी थांबे, आणि आतल्या माणसानं उतरून त्या बंद गाडीच्या हातपट्टीला हात लावल्याशिवाय जागची हलत नसे. हातपट्टी खऱ्या-खोट्या सगळ्याच गाड्यांना होती. पुतळ्याला उचलायला गेलं, की तो म्हणे: "आभारी आहे. सराव पूर्ण झाला."

खरा कोण नि सरावी कोण हे मुद्दाम कळू दिलेलं नव्हतं; कळलं तर सराव कसला? पण शेकडो सरावींमागे एखादाच खरा असतो, हे लोकांना ठाऊक झालं, आणि लोक काही बावळट नसतात. दरवेळी एवढं धूड उचलण्यापेक्षा त्यांनी सोपी परीक्षा शोधली. पाणी द्यायचं. सरावीला गिळता येत नाही, म्हणून तो सबब सांगतो: आत्ताच प्यायलो, मळमळतंय, आज माझा

उपास

"ती सबब माझीच," मिलिंद मागून म्हणाला.

वृषालीनं वळून पाहिलं. त्याच्या संस्थेत काय चालतं हे तिनं आयुष्यभरात फारसं विचारलं नव्हतं. तो तिथून जेवायला कधी येतो, एवढीच तिला फिकीर असे.

"तुझी म्हणजे?"

"सबबी मी लिहायचो. हरतालिका, संकष्टी, रोजा. उपास म्हटलं की आपल्याकडे कुणी आग्रह करत नाही. तुझ्यावरूनच सुचलं." तो हसायला गेला आणि कळ आली. तिनं त्याच्या शर्टाची बटणं सोडली. घामानं सगळी बनियन चिकटली होती.

ती फार देवभोळी नव्हती. पण लग्न झाल्यापासून हा एक दिवस तिनं कधी चुकवला नव्हता, आणि तो त्याच्यासाठीच होता. गेल्या खेपेला तो आयसीयूतून परत आला, तेव्हा डॉक्टरांनी एका औषधाचं नाव सांगितलं होतं. वृषालीनं मनातल्या मनात या उपासाचं नाव घेतलं होतं. आता ज्याच्यासाठी घसा कोरडा ठेवला, त्याच्यासाठीच तो ओला करायचा.

"पुढची गाडी आली की पिते मी."

"नको पिऊस."

"माझ्या उपासाचं तू नको बघूस."

"उपासाचं नाही गं," तो म्हणाला. तिला वाटलं, जीव लावतोय.

दुसरी गाडी

शेळ्या घेऊन निघालेला एक म्हातारा होता. त्यानं "काय झालं गं, बाई?" म्हणत बाटली पुढे केली. वृषालीनं ती हिसकावूनच घेतली आणि डोळे मिटून घटाघटा रिकामी केली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं.

"बघा. खरी आहे मी. आता यांना उचला, तुमच्या गाडीत घाला."

म्हातारा बराच वेळ तिच्या गळ्याकडे बघत राहिला.

"आता घोट बी घ्यायला लागले," तो म्हणाला. "आमच्या फाट्यावरच्यानं परवा अख्खी बाटली संपवली. मला वाटलं खराच हाय. उचलाया गेलो, तर आभार मानायला लागला."

वृषालीनं मिलिंदकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

"गेल्या वर्षी बसवली त्यांच्या घशात नळी," तो म्हणाला. "लोक पाण्यावरून ओळखतात म्हणून. सूचना माझीच."

तिनं म्हाताऱ्याचा हात ओढून स्वतःच्या मनगटावर ठेवला. ठोके तर पयल्यापास्नं हायेत, असं तो म्हणाला, पण हात त्यानं लगेच काढून घेतला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दया अगदी धडधाकट होती. व्यायाम रोजचा होता.

"खरी असशील तर माफ कर, माय. कितीजणांना उचलू? कंबर गेली माझी."

त्यानं हातपट्टीला तळवा लावला. जाता जाता शेळ्या वळून बघत होत्या.

मग

"आधी का नाही सांगितलंस?"

"तेवढी एकच गोष्ट तुझ्या हातात होती," मिलिंद म्हणाला. "ती काढून घेववेना."

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ऊन कलत होतं. माळावरचं गवत वाऱ्यानं एकाच बाजूला निजत होतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, पाणी कसं लागलं. गोड, ती म्हणाली. मग ठीक, तो म्हणाला.

त्यानंतर त्याच्या छातीवर ठेवलेला तिचा हात वरखाली होईनासा झाला. तिनं तो तसाच ठेवला. आपल्या ओठांवर अजून ओलावा आहे, असं तिला वाटत राहिलं, आणि तो पदरानं पुसूनही जाईना. मग तिनं गणपतीच्या तोंडावरचा रुमाल काढला आणि मिलिंदच्या तोंडावर घातला.

तिसरी गाडी

एक मुलगी धावतच आली. गाडीचं दारही तिनं उघडंच टाकलं होतं. काय झालं हे विचारलं नाही, बाटलीही आणली नव्हती. मागचं दार उघडून ती सरळ आत वाकली.

"काकू, मी खांद्यांना धरते, तुम्ही पाय उचला. पुढच्या गावात दवाखाना आहे. चला ना, लवकर."

दिवसभर जिची वाट पाहिली, ती हीच. वृषालीनं तिच्याकडे पाहिलं. मुलीचे हात मिलिंदच्या काखेत शिरत होते. ते हात तिला एकदम सोसवेनात. आता त्याला कुणीच शिवायला नको होतं.

वृषाली म्हणाली, "आभारी आहे. सराव पूर्ण झाला."

मुलीचे हात थांबले. अंगातला सगळा ताण सोडून ती मागे सरली, कपाळाला हात लावून स्वतःशीच हसली.

"मी पण ना," ती म्हणाली. "सगळे सांगतात, आधी पाणी देऊन बघ म्हणून."

तिनं हातपट्टीला तळवा लावला.