सशाचे कान

फ्रीजवाला मेकॅनिक दारात उभा राहिला, तेव्हा घरातल्या धाकटीच्या नाकाला क्रीम लागलेलं होतं आणि ताटातल्या केकवरून तेच क्रीम ओघळत होतं.

"फ्रीज गार करत नाही म्हणून तुम्हीच फोन केला ना?"

"बघा की! क्रीम टिकतच नाही मेलं."

त्यानं फ्रीजमध्ये हात घातला. मग केकला हळूच बोट लावलं... "हा ओव्हनमधून कधी काढलात?"

"आत्ताच."

"मग फ्रीज ठणठणीत आहे." तो गालातल्या गालात हसला. "केक आधी पुरता निवू द्यायचा असतो."

धाकटी कानापर्यंत लाल झाली. तोही जरा घुटमळला.

"दाराचं रबर मात्र सैल वाटतंय... परवा येऊन बघतो."

धाकटीनं ओढवून घेतलं होतंच तसं. भाचीच्या, ठमीच्या, पाचव्या वाढदिवसाला सशाचा केक घरीच करीन, असं ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती. वहिनी लगेच म्हणाली, "विणकाम अर्धं, गिटार अर्धी. केक तरी पुरा मिळेल ना माझ्या पोरीला?" ठमीनं तर आख्ख्या वर्गात दवंडी पिटली होती. आता माघार घेतली असती तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती.

मग धाकटी हट्टाला पेटली. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून तिनं क्रीम भरलं आणि उपड्या ताटावर रेघा ओढल्या. वाकडी आली की खरवडायची, परत भरायची, परत ओढायची. मनगट भरून आलं तरी बाई जागची हलेना.

परवाच्या दिवशी मेकॅनिक आला. रबराकडे बघितल्यासारखं करून ताटाकडेच बघत राहिला.

"हे... डुक्कर का?"

"ससा आहे!"

"असेल, असेल. शेपूट काढा, म्हणजे ओळखेन."

"तोंड चालवण्यापेक्षा ताट धरा. हळू फिरवा... माझ्या हाताकडे बघून."

"हाताकडेच बघतोय."

"मग चेहऱ्याकडे कोण बघतंय?"

ताट थांबलं. रेघ मात्र पहिल्यांदाच सरळ आली होती!

तो पुन्हा आला, पुन्हा पुन्हा आला. शेवटी धाकटीची आई कडाडली, "रबर आहे की इमारतीचा पाया? किती वेळा तपासायचा?"

वाढदिवशी ठमीनं त्यालाही बोलावलं. पांढराशुभ्र ससा टेबलावर आला आणि पाहुण्यांदेखत त्याचे दोन्ही कान सावकाश खाली लोंबले.

"अजून वेळ आहे," वहिनी म्हणाली. "बाहेरून मागवू?"

धाकटीचे डोळे भरून आले. आता ही रडणार, असं सगळ्यांना वाटलं. मेकॅनिक पुढे झाला, त्यानं ताटाला हात लावला.

"सांगा... किती फिरवू?"

तिनं नाक ओढलं, पिशवी उचलली. "डावीकडे. जरासं."

सशाचे टपोरे डोळे तिनं खरवडून काढले. त्या जागी मिटलेल्या पापण्यांच्या दोन रेघा ओढल्या, एका दमात. कान गालांशी नीट निजवले.

ठमी टाचा उंचावून बघत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "शू! ससा झोपलाय. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही!"

झालं! गाणं कुजबुजत म्हटलं गेलं, टाळ्या दोन बोटांनी वाजल्या. वहिनीसुद्धा कानाशी येऊन म्हणाली, "पापण्या छान जमल्या गं."

मेकॅनिक हळूच जवळ सरकला. "एक सांगायचं होतं... रबर पहिल्यापासून चांगलं होतं."

"ठाऊक आहे. फ्रीजच्या दारात कागद अडकवून ओढून बघितला होता मी. सुटेना."

"मग मला येऊ का देत राहिलात?"

"ताट कोण फिरवणार होतं?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पुढच्या वर्षी ठमीला हत्ती हवाय."

"मग वर्षभर सराव करावा लागेल..."

"लागेलच. मी अर्धवट सोडणाऱ्यातली नाही."

तेवढ्यात मागून धाकटीची आई वाकली. घर दणाणून सोडणारी बाई, पण सशाचा मान राखून तीही कुजबुजली,

"वर्षभर रबराची सबब चालायची नाही हो. रविवारी आईला घेऊन या तुमच्या."