झुलत्या पुलाकडे निघालेली डोली

साहेबाची पलटण पोहोचण्याआधी दरीवरचा झुलता पूल तोडायचा! मोहीम एवढीच. पूल तुटला तर पलटण पलीकडेच अडकणार. राहिला तर ती थेट वस्तीत उतरणार, आणि वस्तीत या पाचजणांची बायकापोरं होती.

पाचही जण डोलीवाले. साहेबलोकांना डोंगर चढवून-उतरवून खांद्यांना घट्टे पडले, तेव्हा मुलखातल्या साऱ्या डोलीवाल्यांनी डोल्या खाली आपटल्या. उठाव झाला. पुढारी म्हणून या पाचांतल्याच मामाला निवडलं. इथवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

निघताना भाचा लांब्या म्हणाला, "पुढारी पायी जाणार? कसं दिसेल ते!"

"रानात कोण बघतंय रे?"

"रान बघतंय की. बसा."

मामा लाजत लाजत डोलीत बसला. कुऱ्हाडी मांडीवर घेतल्या. पहिल्या चढावर तो अवघडून गेला होता, दुसऱ्यावर म्हणाला, "जरा बेतानं. धक्के बसतात."

वेली दांड्यात गुंतत होत्या, करवंदीच्या जाळ्या पोटऱ्या सोलत होत्या. पुढे ओढा फुगलेला.

"मामा, उतरता का?" लांब्याच्या साडूने विचारलं.

"पुढाऱ्याला भिजवतोस?" लांब्या खेकसला.

डोली डोक्यावर! पाणी छातीला! साडूचा पाय सुटला, लांब्याने त्याला केसांना धरून ओढलं! दांडा मात्र कुणी सोडला नाही.

मग कड्यावरची पायवाट आली. माणूस सहज गेला असता, डोली मावेना. म्हणून डोलीसाठी अख्ख्या डोंगराला वळसा घातला.

पुलाशी पोहोचले तेव्हा पलटण पूल ओलांडून अलीकडे उतरत होती. सर्वांत पुढे साहेब. घामाघूम, चिखलाने माखलेला आणि पायी!

"याला चालता येतं?" साडू पुटपुटला.

"उचलायला कोणी उरलं नाही ना," मामा म्हणाला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. डोलीतून उतरला आणि पळत सुटला.

कड्याच्या वाटेने पाचही जण पलटणीआधी वस्तीत शिरले. "पूल तोडलात ना?" मामीने विचारलं. पाचांची तोंडं बघून तिने पोरांना उठवलं.

सगळे रानात चढू लागले. म्हाताऱ्या सासूला मामाने पाठीवर घेतलं.

"मी घेतो," लांब्या म्हणाला.

"हात लावू नकोस."

मागे धूर उठला. मामाने वळून पाहिलं नाही. सासू मात्र त्याच्या खांद्यावरून मान वळवून बघत होती आणि आता कुणाचं घर पेटलं, ते एकेक करून त्याला सांगत होती.