तिनं मागितलेली ओळ

दुरुस्तीवाला त्या दिवशी जेवण आटोपून निघाला तो एका मेलेल्या माणसाचे कागद मागायला. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. लख्ख ऊन होतं, खिशात पत्ता होता आणि परतताना लेकीसाठी कानातलं आणायचं होतं.

कागद होते एका जुन्या प्रोग्रॅमच्या सोर्स कोडचे. सोर्स कोड म्हणजे माणसानं ओळीमागून ओळ लिहिलेला मूळ मजकूर. मशीनच्या पोटात असतं ते त्याचं दळलेलं पीठ, आणि पिठावरून दाणे परत मिळत नाहीत. म्हणून तर दोन वर्षं त्यानं चपला झिजवल्या होत्या. ज्या कंपनीनं हा प्रोग्रॅम केला तिच्या जागी आता गाद्यांचं दुकान होतं. तिथला जुना कारकून ठार बहिरा झाला होता, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या बायकोचा पत्ता त्यालाच ठाऊक होता.

एवढी पायपीट कशासाठी? लेकीसाठी. दहाव्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्याच वर्षी भंगारात त्याला बुटांच्या खोक्याएवढा एक बोलणारा डबा सापडला. अक्षरं दाबली की डबा बोलायचा, एका तरुण बाईच्या किंचित बसलेल्या आवाजात. नऊ वर्षं लेक त्याच आवाजात भांडली, रुसली, आई गेली तेव्हा त्याच आवाजात तिनं "आता आपण दोघंच" म्हटलं. आता डब्याचे आतले भाग मरायला टेकले होते. रोज चार शब्द गळत होते. फोनमधले नवे आवाज तिला ऐकवून झाले. तिनं एकच टाइप केलं, "ही कुणी दुसरीच बाई आहे, बाबा."

डबा गेला की लेक दुसऱ्यांदा मुकी होणार होती. 

डब्यात एकच खोड होती. "पुरे" हा शब्द टाइप केला की तो मिटून जायचा आणि दहा मिनिटं हूं की चूं करायचा नाही. मग लेक "बास" म्हणायची. "तुला पुरे म्हणता येत नाही, म्हणून तर एवढी बडबड," असं बाप चिडवायचा.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं एका सत्तरीच्या बाईनं. खोलीत खिडक्या बंद होत्या आणि छातीला चोळायच्या मलमाचा वास भरला होता. बाईंच्या अंगाला तो येत नव्हता. भिंतींनाच येत होता.

"तो आवाज कुणाचा, काकू?" त्यानं विचारलं.

"माझ्या नणंदेचा. दम्याचं दुखणं होतं तिला. ह्यांनी समोर बसवून साडेचार हजार शब्द वदवून घेतले. एकेक शब्द तीन-तीनदा."

"आणि मग?"

"मग संपले."

शब्द की नणंद, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. बाईंनी पलंगाखालून कडेला भोकांची पट्टी असलेला छापील कागदांचा गठ्ठा ओढला, त्यावर नणंदेच्या आवाजाच्या फ्लॉपींचं खोकं ठेवलं आणि ते घरातून जातंय म्हणून त्यांचा चेहरा उजळला.

"माझी लेक याच आवाजात बोलते, काकू. नऊ वर्षं झाली."

बाईंचा हात दारावर थांबला. "तिला दमू देऊ नका," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

तीन आठवडे तो गठ्ठा समोर ठेवून एकेक ओळ नव्या लॅपटॉपवर उतरवत होता. चारशे बाराव्या ओळीपाशी ती जुनी खोड सापडली. "पुरे" आलं की सगळं थांबवायचं, असा हुकूम होता. शेजारी, मशीन वाचत नाही पण माणसानं वाचावी अशी, लिहिणाऱ्याची टीप होती. "काढू नये. तिनं मागितलं होतं."

आता या धंद्यातल्या माणसांची एक खाज असते. दुसऱ्याची ओळ कशासाठी आहे हे कळलं नाही की तिला मेलेली ओळ म्हणायचं आणि उडवायची. लेकीला एक शब्द जास्तीचा मिळेल, एवढाच त्यानं विचार केला. ओळ उडवली, टीपही उडवली.

रविवारी दुपारी चार वाजता लॅपटॉप बोलला. तोच आवाज, कुठेही न अडखळता! लेकीनं टाळ्या पिटल्या, बापाचे डोळे भरून आले. मग मात्र त्याच्यातला कारागीर जागा झाला. सगळे शब्द तपासायला हवेत. तो यादी वाचायचा, ती टाइप करायची, आवाज यायचा, तो मान हलवून म्हणायचा, "अजून एकदा."

शंभर झाले. चारशे झाले. लेकीची बोटं सुजली. तिनं मनगट चोळून दाखवलं.

"थोडेच राहिलेत गं. अजून एकदा."

सहाशेच्या पुढे तिनं यादीकडे बघणंच सोडलं. बापाकडे रोखून बघत तिनं नऊ वर्षं टाळलेला शब्द टाइप केला.

आधी खुर्ची करकरली. खोलीतली नव्हे, आवाजातली. मग कुणीतरी ओढून-ओढून श्वास घेतला.

"पुरे..."

लेकीचे हात मांडीवर होते.

"पुरे, दादा... पुरे..."

आणि त्यामागून एका पुरुषाचा समजुतीचा, गोड आवाज. "छान आला. अजून एकदा."

दुरुस्तीवाल्यानं स्पीकरची वायर उपटली. वायर हातात आली. श्वास चालूच राहिला, मग लहान-लहान होत थांबला. खोलीत मलमाचा वास सुटला होता.

त्यानं फ्लॉपी पुन्हा धुंडाळल्या. साडेचार हजार शब्दांत "पुरे" नव्हताच. तो कधी नोंदवलेलाच नव्हता.

त्यानं चारशे बारावी ओळ जशीच्या तशी परत लिहिली. टीपही लिहिली. लेकीनं भीत-भीत "बाबा" टाइप केलं. लॅपटॉप मिटला. "पाणी" टाइप केलं. मिटला. आता कुठलाही शब्द त्याला तोच शब्द वाटत होता. जुना डबा लावून बघितला, तो कायमचा गेला होता.

त्यानं बाईंना फोन केला.

"ओळ काढलीत ना?" बाईंनी आधीच विचारलं.

"परत घातली, काकू."

"घालून काय उपयोग? ती गेल्यावरही सहा महिने रोज त्यांच्याकडे मागत होती... तेव्हा कुठे त्यांनी घातली. दिलेलं काढून घेतलं की ती दुसऱ्यांदा नाही मागत."

"मग काय करते?"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

लेक खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. चुकलो, म्हणायचं होतं. आज राहू दे, तू झोप, म्हणायचं होतं. तिनं मान वळवली. नऊ वर्षांत त्याला तिच्या ओठांवरचे दोन-चार शब्द वाचता येऊ लागले होते, "बाबा", "पाणी", "जा ना". आता तिचे ओठ हलले ते तो पहिल्यांदाच वाचत होता, तरी पहिल्या झटक्यात कळले.

"पुरे, दादा."

लेकीला भाऊ नव्हता.

तिला जवळ घ्यायला त्यानं हात पुढे केले, आणि बाळ, बास झालं, असं म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या तोंडून निघालं ते समजुतीचं होतं, गोड होतं.

"छान आला. अजून एकदा."