दुपारच्या सुट्टीतले नकार

"मला एका डिझायनरला आत टाकायचंय," खुर्चीत बसायच्या आधीच सोइलाबाईंनी सांगून टाकलं.

आरीसागा क्वेंका शहरात खासगी तपासाची कामं करायचा. त्याने तोंड उघडायच्या आत त्याचा मदतनीस फाउस्तो वहीत 'गुन्हेगार: डिझायनर' असं लिहून मोकळा झाला होता.

सोइलाबाईंचा तोकिया गवताच्या टोप्यांचा कारखाना होता. भाची याडिराच्या हट्टापायी त्यांनी वेबसाइटसाठी इव्हान तेनेसाका नावाचा व्यावसायिक डिझायनर नेमला. 'सोमवारी देतो' म्हणत त्याने चार महिने काढले. साइट सुरू होऊन दीड महिना झाला, तरी बारीक विणीच्या टोपीची एकही ऑर्डर नव्हती. काल मात्र चिलीहून आलेली एक व्यापारी बाई दुकानात येऊन म्हणाली, "चाळीस टोप्या मागितल्या, तर तुम्हीच साइटवरून नाही म्हणालात."

"मी एक अक्षर लिहिलेलं नाही," सोइलाबाई म्हणाल्या. "त्यानेच माझी गिऱ्हाइकं दुसऱ्याला विकली. व्यावसायिक म्हणे!"

आरीसागाने सगळ्यांना कारखान्यात जमवलं. कोपऱ्यातलं दाबयंत्र धडधडत होतं. हाताची जड इस्त्री फळीवर होती. आरीसागाने बोट फिरवलं, तर धूळ निघाली.

"ही वापरत नाही?"

"वापरतो की," यंत्राजवळचे म्हातारे कारागीर सेर्व्हांदो म्हणाले. "बारीक विणीला यंत्र चालत नाही. गवताची पात तुटते."

इव्हान वैतागूनच आला होता. "बाई, फोटो द्या म्हणून तीन महिने तुमच्या मागे लागलो. तुम्ही पाठवलेत ते लग्नातले. आणि वर बाजारभर मला चोर म्हणत फिरताय."

"उत्तरं कुठून गेली?" आरीसागाने विचारलं.

"याच खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. सगळी दुपारी एक ते तीनमध्ये. साइटवर नोंद आहे, बघा."

"साइट वापरायची कशी, ते शिकवलंस कुणाला?"

"शिकवत होतो तेव्हा बाई फोनवर माझीच तक्रार करत होत्या. याडिराने टिपून घेतलं. प्रश्न विचारले ते फक्त सेर्व्हांदोकाकांनी."

याडिरा म्हणाली, "एक ते तीन मी कॉलेजात असते. हजेरी बघा हवं तर. मावशी तेव्हा जेवायला घरी जाते."

"आणि मी इथेच डब्यातला उकडलेला मका, मोते खातो," सेर्व्हांदो हसले. "पण मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय?"

याडिराने कॉफी आणली. सेर्व्हांदोंनी डाव्या हाताने पेला घेतला. उजवा एप्रनच्या खिशातच राहिला.

आरीसागाने साइटवरची पाच पत्रं छापून घेतली आणि वाचून खाली ठेवली. चौघांना बारीक विणीच्या टोप्या हव्या होत्या, चौघांना नकार. माचाला शहरातल्या एका शाळेला साध्या वीस हव्या होत्या. तिला होकार गेला होता, टोप्याही गेल्या होत्या.

"डिझायनरच," फाउस्तो कुजबुजला.

"गिऱ्हाइकं विकणारा शाळेचं गिऱ्हाईक सोडेल का? आणि चौघांपैकी एकालाही दुसऱ्या कारखान्याचा पत्ता दिलेला नाही. यात कुणाचाच फायदा नाही. म्हणून मी उलटं विचारलं: ऑर्डर आली तर अडचण कुणाची? यंत्रावर होणारं काम घेतलंय. हाताच्या इस्त्रीचं तेवढं नाकारलंय. इस्त्रीवर धूळ आहे. दुपारी इथे एकच माणूस असतो, आणि शिकवणीत प्रश्न विचारणारा म्हणतो, मला काही कळत नाही." तो वळला. "सेर्व्हांदो, उजवा हात बाहेर काढाल?"

सेर्व्हांदोंनी आधी पेला खाली ठेवला. मग हात बाहेर आला. तो थरथरत होता, पानासारखा.

"जानेवारीपासून असंय," सेर्व्हांदो म्हणाले. "दोन टोप्या इस्त्रीखाली जळल्या, त्या चुलीत घातल्या. बाई म्हणत होत्या, आता साऱ्या जगातून ऑर्डरी येणार. म्हटलं, आल्या की माझ्या जागी दुसरा येणार."

सोइलाबाईंना ओरडायचं होतं. दीड महिन्याच्या ऑर्डरी बुडाल्या होत्या. एकतीस वर्षं रोज समोर असलेला हात, आणि तो खिशात गेलेला आपल्याला दिसला नाही, हे त्यांना त्याहून जास्त लागलं.

"मला सांगायचं नाही का?"

"कधी सांगू? तुम्ही सारख्या त्या डिझायनरवर चिडलेल्या."

इव्हान खाली बघत राहिला. सोइलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "चुकलं माझं," त्या कशाबशा म्हणाल्या. "बाजारातही सांगेन तसं."

मग त्यांनी फळीवरची इस्त्री उचलून याडिराच्या हातात दिली. तिच्या वजनाने पोरीचा हात खाली गेला.

"खुर्ची घेऊन हिच्याशेजारी बसा, सेर्व्हांदो. पाच वाजेपर्यंत पहिली टोपी हवी. चिलीची बाई शुक्रवारपर्यंत गावात आहे."

"जळेल," सेर्व्हांदो म्हणाले.

"जळू दे. पण चुलीत घालायची नाही. मला दाखवायची."