मोरपंखी गाडीतली तिसरी

हे सगळं घडलेलं आहे. मी दोन यत्ता शिकलेली बाई. गोष्टी रचायची अक्कल पुढच्या यत्तांत मिळत असेल तर ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

भुताचं म्हटलं की लोक आधी अमावस्येची रात्र शोधतात. इथे ती मिळणार नाही.

सन १९५३. आषाढातला सोमवार. दुपारचे बारा. आमच्या गावाहून कल्याणला जाताना जो ओढा लागतो, त्या ओढ्याच्या मधोमध. गावाचं नाव लिहीत नाही, लेकीच्या सासरचे लोक वाचतील.

त्या ओढ्यात पाऊण तास मी आणि माझी लेक शालू गाडीत बसून होतो.

दोघीच.

निदान मला तरी दोघीच दिसत होतो...

आमचं घर मिठागरवाल्यांचं. आमची अर्धी मिठागरं कारखान्यासाठी गेली, त्याचे पैसे आले आणि गावातली पहिली मोटार आमच्या दारात येणार हे ठरलं. ती कसली असावी, हे मी ठरवणार होते. घरातलं सगळं मीच ठरवायची. आमचे हे माझ्यापुढे बोलत नसत, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

ठाण्याला दौलत नावाचा जुन्या गाड्यांचा दलाल होता. त्यानं दोन गाड्या दाखवल्या.

एक लष्कराची जीप. युद्ध संपल्यावर लिलावात निघालेली. उंच चाकं, वर ताडपत्री, बसायला पत्र्याचा बाक.

दुसरी मोरपंखी रंगाची. खिडक्यांना पडदे, मागे मऊ गादी. हात लावला तर हात रुतायचा.

माझा मुलगा सहदेव जीपपासून हलेना. म्हणाला, "आई, आपल्याला चिखलातून जायचंय, वरातीतून नाही. पावसात ओढा फक्त हीच पार करील. शालूचं बाळंतपण पावसातच येतंय."

मी म्हटलं, "माझी लेक पत्र्यावर बसून येणार? मग बैलगाडीनं काय घोडं मारलंय?"

खरं कारण लेक नव्हती. मला ती मोरपंखी गाडी दारात हवी होती. माझ्या जावेला, बायजाला, तिच्या ओट्यावरून दिसेल अशी.

सहदेवनं दौलतला विचारलं, ही आधी कुणाची. दौलत म्हणाला, एका शेठची. त्याच्या आधी कुणाची, असं सहदेवनं विचारलं तेव्हा दौलत जरा थांबला. काहीतरी सांगणार होता...

मीच मध्ये बोलले. "गाडी घ्यायचीय, सोयरीक करायची नाहीये."

ते वाक्य मला फार आवडलं होतं. घरी येऊन चार जणींना सांगितलं.

ती जीप आठ दिवसांत बायजाच्या लेकानं, पंढरीनं घेतली. मला खिजवायला घेतली, असं मी गावभर म्हणत फिरले. आमचं बोलणं बंद झालं.

आता माझी चूक लिहिते.

आमच्याकडे घरात गाय आली, सून आली, की तिची ओटी भरतात. गाडीपुढे नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, तेवढ्यावर भागतं. मला तेवढं पुरलं नाही. मी नवा खण काढला, नारळ काढला, ओंजळभर तांदूळ घेतले, आणि मागच्या गादीवर ओटी भरली.

शेजारची ठमाबाई म्हणाली, "अगं, वापरलेली गाडी. आधी कुणी बसलंय, कुणी नाही. आधी गोमूत्र शिंपड, दृष्ट काढ, ओटीचं मग बघू."

मी म्हटलं, "तुझ्या दारात येईल तेव्हा तू शिंपड."

आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी गादीकडे बघून बोलले, "ये बाई. माहेर समज, आणि राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खण होता. नारळ होता.

तांदळाचा एक दाणा नव्हता...

उंदीर, असं मी म्हटलं.

वैशाखात शालूला तिच्या सासरहून आणलं. सातवा लागला होता. पहिलंच बाळंतपण. त्या गाडीनंच आणलं, बायजाच्या ओट्यासमोरून, मुद्दाम सावकाश.

शालूला गाडी आवडली. दुपारी घरात उकडायला लागलं की पडवीत उभ्या असलेल्या गाडीत जाऊन आडवी व्हायची. एकदा म्हणाली, "तिथं बरी झोप लागते. कुणीतरी पाठ चोळल्यासारखं वाटतं."

मी हसले. म्हटलं, चांगली गादी आहे ती.

मग मला आवाज यायला लागला. गाडीच्या स्प्रिंगांचा. माणूस बसलं की येतो तसा. शालू माझ्यासमोर तांदूळ निवडत असायची, सहदेव शेतावर...

आणि पडवीत कर्र.

थोड्या वेळानं परत कर्र. उठल्यासारखं.

मी सकाळी पडदे उघडे ठेवायची. दुपारी बघावं तर ओढलेले. तीन दिवस उघडले. चौथ्या दिवशी उघडायला हात गेला नाही. पण घरात कुणाला सांगितलं नाही. गाडी मी निवडली होती ना.

तो सोमवार उजाडला. शालूला पहाटेपासून कळा. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही, कल्याणला दवाखान्यात न्या. आत्ताच न्या.

सहदेव चप्पल न घालताच बायजाच्या घराकडे निघाला. मी त्याला अंगणात अडवलं.

"कुठे?"

"पंढरीची जीप आणतो. ओढ्याला पाणी आहे."

"माझ्या घरचं माणूस बायजाच्या दारात जाणार नाही. दारात गाडी उभी आहे."

"आई, ही गाडी नाही निघायची त्यातून."

"निघेल. दोन दिवस पाऊस नाही."

त्यानं शालूला आणून मागच्या गादीवर निजवलं. मग गाडीला हँडल मारलं. माझ्या शब्दाबाहेर जायची त्याला सवय नव्हती. ती मीच लागू दिली नव्हती.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मधोमध आलो आणि गाडी थांबली. धडपडली नाही, खोकली नाही.

थांबली...

सहदेवनं पाण्यात उतरून दहा-बारा वेळा हँडल मारलं. मग वळला आणि गावाकडे पळत सुटला. जीप आणायला. या वेळी मी अडवलं नाही.

मी डाव्या खिडकीशी. शालूचं डोकं माझ्या मांडीवर. गादी लांब होती, तरी पोरीनं पाय पोटाशी घेतलेले. मी म्हटलं, पाय पसर, बरं वाटेल.

ती म्हणाली, "कसे पसरू? हिला जरा सरकायला सांग ना."

"कुणाला?"

तिनं पायाकडे बोट केलं.

तिकडची गादी दबलेली होती.

शालूच्या टाचा तिथपर्यंत पोचत नव्हत्या. मध्ये वीतभर जागा होती. तरी गादी खाली गेलेली... माणूस बसल्यावर जाते तेवढी.

मी हात लांब करून बघितला. उजव्या खिडकीतून वारा येत होता, सगळं गार होतं.

तेवढी जागा गरम होती.

मी देवाचं नाव घ्यायला गेले, आठवेना. बाहेर बेडूक गप्प झाले. पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज नव्हता. फक्त शालूचं कण्हणं.

मग शालूनं कळ सोसायला श्वास धरला. तोंड घट्ट मिटलं.

कण्हणं थांबलं नाही...

मी तिच्या तोंडावर हात ठेवून खात्री केली. ती नव्हती कण्हत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आणि मग मूल रडलं.

स्पष्ट. नुकतं जन्मलेलं मूल रडतं तसं. मी चार बाळंतपणं केलेली बाई, मला ओळखू येतं. मी ओरडले, "सुटलीस गं पोरी." लुगडं बाजूला करून बघितलं.

काही नव्हतं.

शालूचं पोट तसंच होतं.

रडणं गादीच्या त्या टोकाकडून येत होतं. पाच वेळा आलं. सहावं अर्धंच आलं...

शालू डोळे मिटून हसली. म्हणाली, "मुलगा आहे ना?"

दबलेली गादी हळूहळू वर आली. गाडी त्या बाजूला किंचित कलली, फूटबोर्डावर पाय देऊन कुणी उतरावं तशी. दार बंद होतं. पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर जीपचा आवाज आला.

पंढरी चालवत होता, आणि मागे बायजा. तिनं पत्र्याच्या बाकावर दोन गोधड्या अंथरून आणल्या होत्या. शालूला आम्ही उचलून जीपमध्ये घेतलं. जीप ओढा असा ओलांडून गेली की जणू पाणीच नव्हतं. बायजा वाटेत मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यात चारच्या सुमाराला शालू मोकळी झाली. मुलगा.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, मूल पोटातच गेलेलं होतं. दोन-चार तास झाले असतील. थोडं आधी यायला हवं होतं.

दोन-चार तास मागे मोजायला दोन यत्ता पुरतात.

गाडी बैल लावून बाहेर काढली. जो भेटला त्याला सहदेवनं देऊन टाकली. मग ठाण्याला जाऊन दौलतला धरलं. दौलत शपथेवर म्हणाला, शेठ एकटा माणूस, त्याच्या घरात बाईमाणूस नव्हतं. त्याच्या आधीचा मालक कोण, ते शेठलाही सांगता येईना. त्या दिवशी काय सांगणार होतास, असं विचारलं तर म्हणाला, "पडदे शेठनं लावले नव्हते, आधीपासूनच होते, एवढंच."

याला पाच वर्षं झाली. सहदेव माझ्याशी कामापुरतं बोलतो. हे आता माझ्या तोंडावर बोलतात, आणि मी ऐकून घेते. शालूला पुन्हा दिवस गेले नाहीत.

ती दिवाळीला येते. मी तिचे केस विंचरायला बसते. दर वर्षी, माझ्याकडे पाठ असली की ती हळूच विचारते.

"आई, तू होतीस तिथं. डॉक्टर काही म्हणोत. तो रडला होता ना गं?"

मी म्हणते, रडला.

"जोरात?"

"चांगला जोरात."

एवढ्यावर ती गप्प व्हायची. या दिवाळीला झाली नाही. माझ्या हातातली फणी तिच्या केसात होती, आणि ती म्हणाली,

"तिनं नीट धरलं होतं ना त्याला?"