उजव्या हाताचं कुलूप

“आमच्याकडं चोरी झाली, पण घरातून गेलं काहीच नाही,” विशाखा म्हणाली.

सर्जेरावांनी खारी चहात बुडवली होती, ती तिथंच विरघळली. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या या भल्या माणसाला चोरी म्हणजे फुटलेलं कुलूप आणि उचकटलेलं कपाट एवढंच ठाऊक. डोकं चालवायचं काम त्यांनी सुलेखा मगरेबाईंवर सोपवलेलं होतं, आणि ते एक बरंच केलं म्हणायचं.

उस्मानपुऱ्यात सुलेखाबाईंचं खासगी तपासाचं छोटंसं ऑफिस होतं. त्यांनी विशाखापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

“तू बुद्धभूषण खरात सरांची मुलगी ना? तुझ्या वडिलांच्या क्लासमध्ये मी मराठी टायपिंग शिकले. त्याच सर्टिफिकेटवर पहिली नोकरी लागली. बोल, सरांचं काय अडलंय?”

विशाखानं सांगायला सुरुवात केली. टायपिंगचा क्लास बंद झाल्यावर सरांनी नवं काम हाती घेतलं. चितेगाव, हर्सूल, आसपासच्या वस्त्या पालथ्या घालून म्हाताऱ्या बायकांचे आवाज भरून ठेवायचे. दीक्षेच्या दिवसांच्या आठवणी, जात्यावरची गाणी, भोगलेलं सगळं. सोबतीला सरिता नावाची मुलगी होती.

“पण ठेवायचं कुठं, हा घोळ होता,” विशाखा म्हणाली. “मेल एकीकडं, टिपणं दुसरीकडं, पासवर्ड डोक्यात आणि फायली कुठंही. बाबांनी कितीतरी सॉफ्टवेअर घालून पाहिली. एकात टिपणं छान, तर मेल येईना. दुसऱ्यात सगळं होतं, पण माल परक्या कंपनीच्या मशीनवर जायचा. शेवटी एक सापडलं. चारही गोष्टी एकाच पेटीत, आपल्याच संगणकावर, आणि पेटीला एकच पासवर्ड. तो विसरला तर कंपनीलाही उघडता येत नाही. बाबा म्हणाले, हेच पाहिजे. या बायकांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी वापरलं, निदान आवाज तरी आपल्या घरात राहू दे.”

“मग?”

“बाबा स्कूटरवरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पेटी उघडायची म्हणून त्यांनी मला पासवर्ड सांगितला. आजीचं नाव, मराठीत. मुक्ताबाई. मी टाकला, उघडेना. पुन्हा टाकला, नाही. बाबांचं म्हणणं, कुणीतरी पासवर्ड बदलला. त्यांनी सरितावर आळ घेतला आणि तिला यायला मनाई केली. येत्या पौर्णिमेला विहारात ते आवाज ऐकवायचेत. सगळ्यांच्या घरी निरोप गेलेत.”

“दुसरी प्रत?”

“नाही. दोन ठिकाणी ठेवलं की फुटतं, हा बाबांचा हट्ट. सरिताच्या फोनमधलंही पुसायला लावलं.” विशाखाचा आवाज खाली आला. “त्यात माझ्या आजीचाही आवाज आहे. आजी गेल्यापासून बाबांनी तो एकदाही ऐकलेला नाही. धीर होत नाही म्हणतात. आता तर मिळेल की नाही, तेही माहीत नाही.”

सुलेखाबाईंनी पर्स उचलली. “चला सर्जेराव. खारी राहू द्या.”

खरात सर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. समोर संगणक, बाजूला स्टुलावर भरतकामाचा अभ्रा घातलेला जुना मराठी टायपरायटर.

“जय भीम, सर. ओळखलंत?”

“मगरे! पाठ सरळ ठेवून बसणारी एकमेव मुलगी.” सर हसले, आणि लगेच चेहरा पडला. “त्या पोरीवर मी मुलीसारखा विश्वास टाकला होता गं.”

“आधी मला पेटी उघडताना बघू द्या.”

विशाखा बसली. पडद्यावर चौकट आली. तिनं एकेक अक्षर टाकलं आणि चौकटीत काळे ठिपके उमटत गेले.

“शिफ्ट दाबलीस का?” सरांनी विचारलं.

“बाबा, शिफ्ट कशाला लागते? मी मोबाइलवर टाकते तसंच टाकतेय.”

“दाब म्हणतो ना!”

तिनं दाबलं, चौकट लाल झाली. पेटी काही उघडली नाही.

सरांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर चुळबुळत होती. सुलेखाबाई संगणक सोडून त्या बोटांकडंच बघत होत्या.

“सर, तुम्ही बोर्डाकडं बघून टाइप करता?”

“बघून?” सर भडकलेच. “मी पोरांच्या हातांवर फडकं टाकून शिकवायचो, विसरलीस?”

“कशी विसरेन! तुमच्या फडक्याला हळदीचा वास यायचा.” बाईंनी हसून हात जोडले.

सरांचा पुतण्या प्रणय चितेगावच्या एका कारखान्यात संगणक विभागात होता. घरात तोच जाणता, म्हणून सर्जेरावांचा पहिला संशय त्याच्यावर.

“मला यात ओढू नका,” प्रणय म्हणाला. “मी पहिल्यापासून सांगत होतो, सगळं नेटवर ठेवा, पासवर्ड विसरला तर परत मिळतो. पण काका जुन्या वळणाचे. त्यांची टिपणं माझ्या मशीनवर उघडली की नुसता इंग्रजी कचरा दिसतो. तो त्यांचा जुना फाँट घातला, तरच मराठी.”

“पासवर्ड कुणी बदलला असेल?”

“बदलला असता तर पेटीच्या फाईलवर नवी तारीख पडली असती. हे बघा, काकांच्या मशीनवर काढलेला फोटो. शेवटचा बदल काका पडले त्याच्या आदल्या दिवशीचा. नंतर कुणी काही केलेलं नाही.”

बाहेर आल्यावर सर्जेराव कुजबुजले, “लई सफाईनं बोलतो. तारखा फिरवता येत्यात, माझा नातू फिरवतो.”

“फिरवणारा माणूस आपण होऊन तारीख दाखवेल का? आणि पेटी बंद राहून त्याला मिळणार काय?”

सर्जेरावांनी रुमालानं मान पुसली.

सरांचं मशीन बघणारा, संगणकाच्या दुकानातला कृष्णा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच बोलायला बसला.

“व्हय, सर पडल्यानंतर मी हात लावला मशीनला,” त्यानं सरळ सांगून टाकलं. सर्जेरावांचे कान टवकारले. “ताईंना मराठीत टाइप करता येईना. म्हणून मी मराठी कीबोर्ड घालून दिला. त्याच्या आधी मशीनवर मराठी नव्हतंच की. सर आपल्या जुन्या फाँटावर खूश. दुसरं काय घातलं तर रागावत्यात.”

“सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा पासवर्ड कुणी टाकला?”

“सरांनीच. मी तोंड फिरवून उभा व्हतो, तेवढी अदब हाय आपल्याला. सरांनी फटाफट बोटं मारली. वळून बघतो तर हिरवी पट्टी! आईबापाचं, पोराचं नाव टाकणाऱ्यांना मशीन लाल पट्टी दाखवती, पासवर्ड कच्चा म्हणून. सरांचा एकदम पक्का. मी म्हणलं, उस्ताद माणूस हाय!”

सुलेखाबाई उठल्या. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की कृष्णानं उगाच आपला शर्ट चाचपला.

“कृष्णा, तुझे फार उपकार झाले. उद्या सकाळी सरांकडं ये.”

“मी काय केलं, बाई?”

“तोंड फिरवून उभा राहिलास, तरी सगळं पाहिलंस.”

राहिली सरिता. हर्सूलच्या अलीकडं एका गल्लीत ती आईसोबत राहायची. दारात आलेल्या पाहुण्यांना तिनं बसायला चटई टाकली, पण वर बघेना.

“सर म्हणाले, तूच केलंस. ज्यानं शिकवलं त्यालाच काय उलट बोलू?” ती म्हणाली. “वस्तीत पण कळलंय. काल एक आजी म्हणाली, आमचा आवाज इकलास व्हय गं? मला मरून जावंसं वाटलं.”

“तुला पासवर्ड माहीत होता?”

“नाय. आवाज मी भरायची, पेटीत सर ठेवायचे. विचारलं पण नाय कधी.”

“उद्या सरांकडं येशील?”

“कशाला? पुन्हा ऐकून घ्यायला?” तिचे डोळे भरून आले. “पण त्या आज्यांना शब्द मी दिलाय. सरांनी नाय, मी दिलाय.”

“म्हणूनच ये. मला तुझा उजवा हात पाहिजे.”

परतताना रिक्षात सर्जेरावांनी आपला निकाल जाहीर केला. “कृष्णानंच केलं. मराठी कीबोर्डाच्या निमित्तानं पासवर्ड फिरवला.”

“सर्जेराव, तुम्ही अगदी उत्तरावर बसलायत, आणि उत्तर शोधताय,” बाई म्हणाल्या.

सर्जेरावांनी खरंच बूड उचलून सीटवर पाहिलं.

सकाळी सगळे सरांच्या खोलीत जमले. सरिता दाराशीच उभी राहिली. सरांनी मान खिडकीकडं वळवली.

“पासवर्ड कुणी बदलला, हाच प्रश्न चुकीचा होता,” सुलेखाबाईंनी सुरुवात केली. “तो बदललेलाच नाही. प्रणयनं तारीख दाखवली. सर पडल्यावर पेटीत काहीही फिरलेलं नाही. म्हणजे सरांनी टाकलेला पासवर्ड आजही तोच आहे.”

“मग उघडत का नाही?” विशाखा म्हणाली. “बाबा काय खोटं सांगतायत?”

“सर अगदी खरं सांगतायत. पण कृष्णा म्हणाला, पेटी बसवली तेव्हा या मशीनवर मराठी नव्हतं. मग मराठीत नाव टाकलं कसं? दुसरं, आईचं नाव टाकल्यावर लाल पट्टी यायला हवी होती, आली हिरवी. तिसरं, सर तुला शिफ्ट दाबायला सांगत होते. मोबाइलच्या पद्धतीत ती लागत नाही. मग कुठं लागते?”

बाईंनी स्टुलावरचा अभ्रा उचलला.

“इथं. सरांची बोटं अजून या टायपरायटरवरच चालतात. संगणकावरही मुक्ताबाई लिहिताना ती इथल्याच जागांवर पडतात, पण मशीनला मिळतात त्या कळांवरची इंग्रजी अक्षरं. टिपणं लिहिताना जुना फाँट त्या इंग्रजी अक्षरांना मराठी रूप देतो, म्हणून सरांना वाटतं, मशीनला मराठी येतं. प्रणयला तोच कचरा दिसतो. आणि पासवर्डच्या चौकटीत तर कुणालाच काही दिसत नाही, फक्त ठिपके. सरांनी आईचं नाव लिहिलं, मशीननं कचरा वाचला, आणि असा कचरा कोण ओळखणार? म्हणून हिरवी पट्टी. विशाखा मात्र खरंखुरं मराठी टाकत बसली.”

सरांनी डाव्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरली.

“म्हणजे माझ्याच बोटांनी?” सर पुटपुटले.

“तुमच्या बोटांना पासवर्ड पाठ होता सर, तुम्हाला नव्हता. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि किल्ली आत राहिली. कृष्णा, तो मराठी कीबोर्ड बंद कर. सर, खुर्ची इकडं घ्या. डाव्या हाताच्या कळा तुम्ही मारा. उजव्या हाताच्या सरिता मारेल. टायपरायटरवर कळ दाखवा, ती बोर्डावरची तीच जागा दाबेल.”

सरिता जागची हलेना. मग हळूच येऊन सरांच्या उजव्या बाजूला बसली. सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही, पण डाव्या हातानं टायपरायटरवरची कळ दाखवली. तिनं दाबली. पुढची त्यांनी स्वतः मारली. कुठं शिफ्ट, कुठं साधी कळ, असं करत दोघांनी मिळून एक नाव लिहिलं. ठिपके संपले आणि सरांनी एंटर मारायला तिलाच खूण केली.

पेटी उघडली.

“अरारारा!” सर्जेराव ओरडले, आणि विशाखा रडायलाच लागली.

मेल, टिपणं, फायली, सगळं जागच्या जागी होतं. यादीत वरच मुक्ताबाईंचं नाव होतं. सरिताचं बोट तिथं थबकलं. तिनं सरांकडं पाहिलं. सरांनी खुर्चीची दांडी घट्ट धरली आणि मान डोलावली.

“चालू झालं का गं?” खोलीत एक जुना, दमदार आवाज आला. “काय सांगू? माझ्या भूषणची टायपिंगची परीक्षा व्हती. रात्रंदिवस बडवायचा, बोटं सुजायची. मग म्याच भाकर भरवायची. लोक हसायचे, एवढा घोडा झाला तरी आई भरवती म्हणून. हसू दे. त्या बोटांनी घर वर काढलं माझं.”

सरांनी डोळे मिटले होते. आवाज चालू राहिला.

“तुझं नाव काय म्हणालीस? सरिता. बरं. एवढ्या उन्हाची आलीस, माझं सगळं ऐकून घेतलंस, लई उपकार झाले बाई. जल्मात कुणी इचारलं नव्हतं. आता आसं कर, हे तू जप. भूषण गुणाचा हाय, पर रागात माणूस वळखत नाय. तू जप.”

आवाज थांबला. सरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“पोरी, माझ्या आईनं तुला ओळखलं,” ते म्हणाले. “मला जमलं नाही. चुकलो मी. मी स्वतः वस्तीत येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो.”

“सर, असं नका बोलू,” सरिता म्हणाली.

“आणि मगरे, तुझे उपकार…”

“आपली फिट्टंफाट समजा सर. पाठ सरळ ठेवायला तुम्हीच शिकवलं होतं. फक्त एक करा. दुसरी प्रत काढा आणि ती सरिताकडं ठेवा.”

“ठेवली,” सर म्हणाले.

विशाखा ताटात भाकरी घेऊन आली. सरिताच्या हातात ताट देऊन ती मागं सरली. सरिता सरांना भरवायला घास मोडू लागली, तसं सरांनी तिला थांबवलं.

“आधी आईला पुन्हा लाव,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”